गॉगल, तापीचं पाणी आणि माकुलाचा डोळा

अमळनेरला माझं चष्म्याचं दुकान आहे. पारा ४५ च्या आसपास घुटमळायला लागला की पोलराइज्ड गॉगल खपतात, आणि त्यामागोमाग एक तक्रार ठरलेली असते. मागच्या वैशाखात पारोळ्याकडचा एक ट्रकवाला गॉगल घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. "भाऊ, हाऊ गॉगल खराब शे. मोबाइल आडा धरा का काया पडी जास."

मी त्याच्याच मोबाइलसमोर गॉगलची एक काच धरली आणि हळूहळू फिरवली. स्क्रीन उजळली. आणखी फिरवली, काळी ठार. पुन्हा उजळली. गॉगल खराब नव्हता, तो अस्सल असल्याची ती खूणच होती. त्याची खात्री पटेना, म्हणून गॉगलच्या डब्यात येतं ते छोटं कार्ड काढलं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर करडा चौकोन. गॉगल घातला की त्याच चौकोनात मासा. ट्रकवाला दोन-तीनदा गॉगल काढून-घालून खातरजमा करून हसला आणि गेला.

कार्डावर मासाच छापायचं कुणाला सुचलं देव जाणे, पण तो फार चपखल आहे. समुद्रात असे मासे आणि असे जीव खरोखर आहेत, जे एका डोळ्याला दिसतात आणि दुसऱ्याला दिसत नाहीत. आणि तो गॉगल जन्मापासूनच डोळ्यात घेऊन हिंडणारे प्राणीही आहेत. दीड-दोनशे किलोमीटरवरही समुद्र नसलेल्या गावात बसून हे सांगतोय खरं, पण सुरुवात आपल्या तापीच्या पाण्यापासूनच करता येते.

शेतात ठिबकची नळी जमिनीवर पसरलेली असते. तिचं टोक धरून वर-खाली झटका दिला तर नळीतून उभी लाट पळते. डावी-उजवीकडे झटकलं तर आडवी लाट पळते. लाट पुढेच जाते, पण नळी हलते ती पुढे जाण्याच्या दिशेला काटकोनात. प्रकाशाचं तसंच आहे. सूर्यापासून थेट येणाऱ्या प्रकाशात उभी, आडवी, तिरकी अशी सगळी कंपनं मिसळलेली असतात. त्यातली एकाच दिशेची कंपनं जास्त उरली तर तो झाला ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड, प्रकाश. निवडणुका आल्या की पेपरात वाचतो त्या ध्रुवीकरणाशी याचा संबंध नाही. हा शब्द आधी भौतिकशास्त्रवाल्यांचा. १८०८ मध्ये एतिएन-लुई मालूस हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये एका स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर पडलेलं मावळतीचं ऊन बघत होता. स्फटिक फिरवला की खिडकीतलं प्रतिबिंब उजळ-मंद होतं, हे त्याला दिसलं. काचेवरून परावर्तित होताना प्रकाश ध्रुवित होतो, हे तेव्हा कळलं.

पाण्यावरही तेच होतं. तापी-पांझरेच्या संगमावर दुपार कलल्यावर उभं राहिलं तर पाणी नुसतं चकाकतं, आत काही दिसत नाही. ती चकाकी बहुतांश आडव्या कंपनांची असते. नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करते तेव्हा तर जवळजवळ पूर्णपणे आडव्या. गॉगल फक्त उभी कंपनं आत सोडतो, म्हणून चकाकी गळून पडते आणि तळाचे गोटे, माशाची पाठ दिसायला लागते. मोबाइलच्या स्क्रीनमधून निघणारा प्रकाशही असाच एका दिशेचा असतो. गॉगलची दिशा आणि त्याची दिशा काटकोनात आली की अंधार.

(शाळेत याला उभ्या सळयांच्या खिडकीची उपमा देतात: उभी लाट सळयांमधून जाते, आडवी अडते. ऐकायला बरी आहे, पण गॉगलच्या पट्टीत घडतं ते उलटं. पट्टीतले लांबलचक रेणू ज्या दिशेने ताणून बसवलेले असतात, त्याच दिशेची कंपनं ते गिळतात.)

पाण्याच्या चकाकीची ही सही ओळखणारे जीव आपल्या अंगणातही आहेत. चतुर आणि पाण्यात अंडी घालणारे कितीतरी कीटक 'पाणी कुठे आहे' हे आडव्या ध्रुवित प्रकाशावरून ताडतात. काळ्या गाडीचं गुळगुळीत बॉनेटही तशीच आडवी चकाकी फेकतं. पावसाळ्यात चतुर बॉनेटवर शेपटी आपटताना दिसला तर तो वेडा झालेला नसतो, फसलेला असतो. सोलर पॅनेलही त्यांना असंच फसवतात. पॅनेलवर पांढऱ्या रेघांची जाळी मारली की फसवणूक कमी होते, असं प्रयोगांत दिसलं आहे. साक्री तालुक्यातले सौर प्रकल्प बघताना मला हे हटकून आठवतं.

आता पाण्याच्या वरून आत जाऊ. पोहायला उतरून डोळे उघडले तर चकाकी मागे राहते, पण ध्रुवित प्रकाश संपत नाही. आतही तो असतो, पण वेगळ्या कारणाने. पाण्यात शिरताना सूर्यकिरण खालच्या बाजूला वाकतात, त्यामुळे सूर्य कुठेही असला तरी आतला उजेड बराचसा वरूनच येतो. तो पाण्याच्या रेणूंवर आणि बारीक कणांवर आदळून बाजूला विखुरतो. विखुरताना पुन्हा कंपनांची निवड होते. आकाशही असंच ध्रुवित असतं, सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त, आणि मधमाश्या त्यावरून दिशा ओळखतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवलं. समुद्रातलं हे ध्रुवीकरण येल विद्यापीठाच्या टॅलबट वॉटरमन यांनी मोजून १९५४ मध्ये मांडलं. समोर, क्षितिजाच्या पातळीवर नजर ठेवली तर समुद्रातल्या निळ्या धुक्याचा प्रकाश मुख्यतः आडव्या कंपनांचा असतो.

'धुकं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. डिसेंबरात पहाटे धुळ्याकडे जाताना समोरचा ट्रक अचानक अंगावर येतो ना, तसं पाण्याखाली स्वच्छ दुपारीही असतं. पाणी कितीही नितळ असलं तरी थोड्या अंतरापलीकडे सगळं एकाच निळसर पडद्यात विरतं. रंगही टिकत नाहीत. तांबडा पहिल्या काही मीटरांतच गळतो, खोल गेलं की निळाच उरतो. अशा जगात रंग ओळखणारा डोळा घेऊन काय करायचं? सगळंच निळं. पण प्रकाशाची कंपनं कुठल्या दिशेची आहेत हे मात्र तिथेही वस्तूगणिक बदलतं. समुद्रातल्या अनेक प्राण्यांनी रंगाऐवजी हाच धागा पकडला, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे.

पकडला तो डोळ्याच्या रचनेतून. आपल्या डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशींत पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, भाकरींच्या चवडीसारख्या. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर तीळ कसे पडलेले असतात? कुठला आडवा, कुठला उभा, कुठला तिरका. त्या चकत्यांवरचे प्रकाश टिपणारे रेणू असेच विखुरलेले असतात आणि प्रकाश भाकरीवर सरळ वरून पडतो. कंपन कुठल्याही दिशेचं असो, ते टिपायला तेवढेच तीळ हजर. म्हणून आपल्याला फरक कळत नाही.

ऑक्टोपस, त्याचे नातेवाईक कटलफिश आणि स्क्विड, शिवाय खेकडे, कोळंबी यांच्या डोळ्यात चवड नसते, पेंढ्या असतात. सूक्ष्म नळ्या कडब्याच्या पेंढीसारख्या घट्ट बांधलेल्या, आणि प्रकाश टिपणारे रेणू बहुतांश नळीच्या लांबीच्या दिशेने बसलेले. त्यामुळे नळीला समांतर कंपन जास्त टिपलं जातं, काटकोनातलं कमी. एका पेशीची पेंढी आडवी तर शेजारच्या पेशीची उभी. दोघींच्या हिशोबातला फरक मेंदूने काढला की 'समोरचा प्रकाश आडव्या कंपनांचा की उभ्या' याचं उत्तर तयार. ऑक्टोपस तर अंग कसंही वाकडं करो, बाहुली आडवीच ठेवतो. डोक्यातला तोल सांभाळणारा अवयव ती व्यवस्था बघतो. डोळाच गरगर फिरला तर उभं-आडवं मोजायचं कशाच्या तुलनेत?

ऑक्टोपसला हा फरक कळतो, हे मूडी आणि पॅरिस या दोन शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये त्याला शिकवून सिद्ध केलं. आणि गंमत अशी, की ऑक्टोपस, कटलफिश आणि स्क्विड यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यात एकच रंगद्रव्य असतं, म्हणजे आपल्या व्याख्येने ते रंगांधळे. क्षणात अंगाचा रंग बदलणारा प्राणी स्वतः रंगांधळा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दुकानातला रंगांधळेपणाचा तपासणी-तक्ता काढून उगीच बघत बसलो होतो.

आपल्या डोळ्यालाही याची अगदी पुसट जाणीव असते, बरं का. १८४४ मध्ये हायडिंगर या शास्त्रज्ञाने नोंदवलं, की ध्रुवित प्रकाशाकडे बघताना नजरेच्या मधोमध फिकट पिवळी डमरूसारखी आकृती उमटते. लॅपटॉपच्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याकडे बघत मान हळूहळू डावी-उजवी कलवून बघा. काहींना दिसते. माझ्या बायकोला पहिल्या मिनिटात दिसली, मला दोन दिवस लागले.

कटलफिश म्हणजे कोण, हा प्रश्न खानदेशात रास्त आहे. कोकणात त्याला आणि स्क्विडला माकूल म्हणतात. पण आपण त्याला ओळखतो, फक्त नाव वेगळं. काष्ठौषधींच्या दुकानात पांढरा, हलका, नखाने कोरला जाणारा समुद्रफेस मिळतो, पोपटाच्या पिंजऱ्यातही लावतात. तो फेस नव्हे. तो कटलफिशच्या पाठीतला सांगाडा आहे.

या प्राण्याची नजर किती बारीक आहे हे ब्रिस्टल विद्यापीठातल्या शेल्बी टेंपल यांच्या गटाने २०१२ मध्ये मोजलं, आणि त्यांची युक्ती मला धंद्यामुळे फार आवडते. एलसीडी स्क्रीनच्या पुढच्या बाजूला ध्रुवण पट्टी असते. ती काढून टाकली की आपल्याला पडदा कोरा दिसतो. चित्र असतं, पण ते फक्त कंपनांच्या दिशेत असतं. अशा पडद्यावर त्यांनी अंगावर येणारा, मोठा होत जाणारा गोल दाखवला. माणसाला काहीच दिसत नव्हतं, कटलफिश मात्र दचकून कातडीचा रंग बदलत होता. मग गोल आणि पार्श्वभूमी यांच्यातला कोन कमी करत नेला. सुमारे १ अंशाचा फरकही त्याला कळला. घड्याळाच्या दोन मिनिटांच्या रेघांत ६ अंश असतात, त्याचा सहावा हिस्सा.

एवढ्या बारीक नजरेचा उपयोग काय? पहिला उपयोग पोटाचा. समुद्रातले कितीतरी लहान जीव काचेसारखे पारदर्शक असतात. लपायला आडोसा नाही, तर दिसायचंच नाही, हा त्यांचा डाव. पण पारदर्शक वस्तूसुद्धा आरपार जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची कंपनं बदलू शकते. घरी करून बघा: कॉम्प्युटरच्या पांढऱ्या पडद्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. काचेसारख्या पट्टीत रंगीत पट्टे उमटतात. स्क्विडला पारदर्शक शिकार अशी उठून दिसते. नादाव शाशार आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की नुकतीच जन्मलेली स्क्विडची पिल्लं ध्रुवित उजेडात आपलं भक्ष्य ७० टक्के जास्त अंतरावरून टिपतात.

दुसरा डाव चंदेरी माशांचा. तारली, बांगडा यांचं पोट आरशासारखं का असतं? चहूकडे निळं असेल तर आरसाही निळाच दिसतो, आणि मासा गायब होतो. पण आरशावरून परतणारा प्रकाश काही कोनांत ध्रुवित होतो आणि चोरी उघडी पडते. कटलफिशचा या खुणेवर डोळा असतो. ही खूण पुसलेल्या माशापेक्षा खूण असलेला मासा तो जास्त पसंत करतो, असं प्रयोगात दिसलं. माशांनीही उत्तर शोधलं आहे. हेरिंग आणि तारलीसारख्या माशांच्या कातडीत ग्वानिन या पदार्थाचे दोन प्रकारचे स्फटिक मिसळलेले असतात. एकाची कसर दुसरा भरून काढतो आणि प्रकाश जवळजवळ अध्रुवित परततो, हे २०१२ मध्ये समजलं. २०१५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी पाण्याखालचा ध्रुवण-कॅमेरा घेऊन मोकळ्या समुद्रातले मासे मोजले, तर त्यातले काही ध्रुवीकरण पुसण्यापेक्षा ते मागच्या पाण्याशी जुळेल असं वळवतात, असं निघालं. म्हणजे पुसणं आणि जुळवून घेणं, दोन्ही वाटा चालू आहेत.

तिसरा उपयोग बोलण्याचा, आणि इथे जरा सावध राहायला हवं. कटलफिशच्या हातांवर आणि डोळ्यांभोवती ध्रुवित प्रकाशाची ठळक नक्षी असते. तळाशी दबा धरताना, भक्ष्यावर झडप घालताना, मादी अंडी घालताना ती नक्षी विझते. आरशातल्या आपल्याच प्रतिमेतली ही नक्षी बिघडवली, तर तिच्याकडे बघून कटलफिश वेगळाच वागतो. शाशार यांच्या गटाने १९९६ मध्ये हे छापलं. त्यावरून 'समुद्रातली गुप्त भाषा' अशा मथळ्यांचा पूर आला. पण त्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच 'छुपा संवादमार्ग?' असं प्रश्नचिन्ह आहे. नक्षी आहे आणि ती दिसते, एवढ्यावरून ते बोलणं ठरत नाही. दुकानाबाहेरची पाटी मला आणि गिऱ्हाइकाला दोघांना दिसते, पण पाटीवर बसलेल्या चिमणीलाही दिसते.

मँटिस श्रिम्पची बाजू जास्त भक्कम आहे. हा कोळंबीचा दूरचा नातेवाईक, पुढच्या पायाच्या ठोशाने शिंपला फोडणारा. त्याच्या डोळ्यात रंगांच्या पेशींचेच १२ प्रकार, आपल्याकडे तीन. तरी रंगांतला बारीक फरक ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चा निघाला, हे २०१४ चं संशोधन मला अजून मजेशीर वाटतं. ध्रुवित प्रकाशात मात्र तो एक पाऊल पुढे आहे. आतापर्यंत बोललो ती कंपनं एकाच सरळ रेषेतली. पण कंपनाची दिशा पुढे जाताना सतत फिरत राहिली तर प्रकाश मळसूत्रासारखा पुढे सरकतो, उजवं मळसूत्र किंवा डावं. थ्रीडी सिनेमाचे बरेच चष्मे याच तत्त्वावर चालतात, म्हणून मान कलवली तरी चित्र बिघडत नाही. हे उजवं-डावं मँटिस श्रिम्पला दिसतं, असं २००८ मध्ये सिद्ध झालं. डोळ्यातली वरची एक पेशी मळसूत्री प्रकाश सरळ कंपनात बदलते, खालच्या पेशींच्या पेंढ्या तो वाचतात. त्यांच्यातल्या एका जातीच्या नराची शेपटी असा प्रकाश परतवते. दुसऱ्या एका जातीला दोन बिळांतून एक निवडायला दिलं, तर मळसूत्री प्रकाश येणारं बीळ ती टाळते, हे २०१५ मध्ये दिसलं. त्या जातीच्या स्वतःच्या अंगावरून असाच प्रकाश निघत असल्याने 'आत कुणीतरी आहे' असा अर्थ ती काढत असावी. म्हणजे दारावरची पाटी घरमालकांच्या जातभाईंनाच दिसणारी. शिवाय हा प्राणी देठावरचे डोळे स्वतःभोवती फिरवतो आणि फिरवून समोरची वस्तू ध्रुवित प्रकाशात जास्त उठावदार करतो. मी ट्रकवाल्याच्या मोबाइलसमोर गॉगल फिरवला ना, तेच.

चौथा उपयोग वाट शोधण्याचा. पाण्याखालून वर बघितलं तर सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं, बाजूला पाण्याचा आरसा. त्या खिडकीतून आकाशातल्या ध्रुवीकरणाची नक्षी खाली उतरते. उथळ पाण्यातला एक मँटिस श्रिम्प भक्ष्य शोधत वाकडातिकडा भटकतो आणि परतताना सरळ बिळाकडे निघतो. सूर्य, ध्रुवित आकाश आणि स्वतःच्या चालीचा हिशोब असं तिन्ही तो वापरतो, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. गोड्या पाण्यातला पिसवेएवढा डॅफ्निया याहून साधा वागतो. जिकडे ध्रुवीकरण जास्त तिकडे पोहायचं, बस. त्यामुळे तो आपोआप काठापासून दूर जातो.

माणसाने हे उचललं नसतं तरच नवल. पाण्याखाली जीपीएसचे संकेत पोचत नाहीत. इलिनॉय विद्यापीठाच्या व्हिक्टर ग्रुएव्ह यांच्या गटाने मँटिस श्रिम्पच्या डोळ्यावरून कॅमेरा बेतला आणि २०१८ मध्ये पाण्याखालच्या ध्रुवीकरणावरून सूर्याची जागा, आणि त्यावरून पृथ्वीवरची स्वतःची जागा शोधून काढली. चूक सुमारे ६१ किलोमीटरची. म्हणजे अमळनेरला असताना जळगावला आहोत असं वाटण्याएवढी. जीपीएसपुढे हे काहीच नाही, पण अथांग पाण्यात कुठलीच खूण नसताना मला ते पुष्कळ वाटतं.

एक अट मात्र या सगळ्याला आहे, पाणी नितळ हवं. पाणी गढूळ असलं की प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आदळत राहतो आणि प्रत्येक टप्प्याला कंपनांची शिस्त मोडत जाते. श्रावणात तापीला पूर आल्यावर संगमावर कितीही महागडा गॉगल लावा, चकाकी जाईल, पण खालून चहाच दिसेल.

तो ट्रकवाला कापसाच्या गाठी घेऊन सुरतेला जातो. दिवाळीनंतर दुकानात आला तेव्हा गॉगल कपाळावर होता. म्हणाला, डुमसला मुद्दाम किनाऱ्यावर उभा राहून बघितलं. "भाऊ, समुद्रमा काहीच दिखनं नही, नुसता गारा." गारा म्हणजे आमच्याकडे चिखल.